वाड्यात सापडलेली फटफटी: कुठली आहे, आणि नादी लागावं का?

कसब्यातली

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या दक्षिण कसब्यातला आमचा वाडा पाडायचं ठरलंय, दिवाळीआधी सगळं सामान हलवायचंय. मागच्या पडवीत बारदानाखाली धाकट्या काकांची मोटारसायकल आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली आणि गाडी त्याच्याही आधीपासून बंद आहे. घरात सगळे तिला नुसतं "फटफटी" म्हणायचे, त्यामुळे कंपनी कुठली ते एकालाही धड सांगता येत नाही. मोठे काका म्हणतात राजदूत. आत्या म्हणते जावा. भंगारवाल्याच्या मते "छोटी बुलेट". तो आठ हजार देतो म्हणतोय आणि रोज सकाळी दारात येऊन उभा राहतोय.

दिसतं ते असं: टाकीवर कुणीतरी ब्रशने काळा ऑइलपेंट फासलाय, नाव नाही. सिलिंडर एकच, पण दोन्ही बाजूंना सायलेन्सर. उजवा कुजून गळालाय. डाव्या बाजूला एक दांडी आहे, ती हलत नाही, वेगळी किक कुठेच दिसत नाही. हेडलाइट हँडलखालच्या पत्र्यातच बसवलाय, मीटरही त्यातच. चेन पत्र्याच्या डब्यात बंद. चाकं बुटकी. मागच्या प्लेटवर सुरुवातीची "एमवाय" ही अक्षरं वाचता येतात, पुढचं गंजलंय.

ही कुठली? आणि मला गाड्यांतलं फार कळत नसताना हिच्या नादी लागावं का?

शेंगाचटणी

भंगारवाला रोज येलालाय म्हणजे ती आठ हजाराची नाय ताई. देऊ नका.

डबलसायलेन्सर

आत्याला साखर वाटा. जावा आहे.

एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि किक-गिअर एकाच दांडीत, एवढ्यावरच राजदूत आणि बुलेट दोन्ही बाद होतात. राजदूत १७५ ला सायलेन्सर एकच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि किक वेगळी. तुमच्या गाडीत ती डावी दांडी गिअर टाकायला, आणि तीच आत दाबून वर फिरवली की किक. ही जावाची खूण.

आता जावा की येझदी? म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ च्या सुमारास गाड्या काढायला सुरुवात केली. त्या जावा नावाने विकल्या जायच्या, १९७३ पासून नाव येझदी झालं, कारखाना १९९६ ला बंद पडला. पत्र्याच्या डोक्यातला हेडलाइट, झाकलेली चेन आणि १६ इंची चाकं म्हणजे जुनी घडण, लोक जिला 'ए टाइप' म्हणतात ती असावी. नंतरची येझदी रोडकिंग असती तर चाकं १८ इंची आणि हेडलाइट सुटा असता. इंजिन २४८.५ सीसी, बोअर (सिलिंडरच्या भोकाची रुंदी) ६५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, टू-स्ट्रोक.

पण हे सगळं बाहेरच्या पत्र्यावरून. साठ वर्षांत पत्रा, टाकी, कव्हर काहीही बदललेलं असू शकतं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मिळेपर्यंत मी पैज लावणार नाही.

मुक्काम_विजापूर

एमवाय म्हणजे मैसूर राज्य. १९७३ च्या नोव्हेंबरात कर्नाटक नाव झालं, त्याआधी आमच्याकडचे नंबर एमवायने सुरू व्हायचे. काकांचं विजापूर, इंडी, गुलबर्गा इकडे काही जाणं-येणं होतं का? सोलापुरात अशा गाड्या पुष्कळ आल्या. सुताचा, तुरीचा, गुळाचा व्यापार, सोयरीकही दोन्हीकडे. पुढचं अक्षर कसंही करून वाचा, त्यावरून ऑफिस कळेल.

कसब्यातली

आत्याला कळवलं. ती आता फोनवर कुणालाही बोलू देत नाहीये.

विजापूरचा संबंध आहेच. काका तिथे एका सूतगिरणीच्या एजंटाकडे कामाला होते, मग इकडे आले. नंबर नक्की कुठे शोधायचे?

डबलसायलेन्सर

चेसिस नंबर हँडलखालच्या मानेवर. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यावर, पण तिथे ग्रीस आणि मातीचा थर असणार. रॉकेल आणि पितळी ब्रश घ्या. ग्राइंडर किंवा तारेचं चाक मुळीच लावायचं नाही, आकडे घासले गेले की आरटीओत तुम्ही चोर. घाण निघाली की अंधार करून टॉर्च अगदी तिरकी धरा, उथळ आकडे उठून दिसतात. मग त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा. ही पेन्सिल प्रिंट पुढे आरटीओलाही लागते, म्हणून दोन-तीन काढून ठेवा.

आकड्यांची ठेवण बघा. एखादा आकडा वेगळ्या मापाचा, वाकडा, किंवा त्याच्याभोवती घासल्याची खूण असेल तर इथे टाका.

फॉर्म_एकतीस

इथे नका टाकू! नंबर आणि आरसी जाहीर ठिकाणी टाकू नका, निरोपात पाठवा. जुन्या गाड्यांच्या कागदांवर दुसऱ्या गाड्या उभ्या करणारे लोक असे धागे बसून वाचतात.

डबलसायलेन्सर

बरोबर. शेवटचे आकडे झाकून टाका.

कॅफेरेसर_आद्या

ताई, मस्त प्रोजेक्ट आहे. मागचं मडगार्ड कापा, एकच सीट ठेवा, हँडल खाली घ्या, टाकीला मॅट ब्लॅक द्या. काळी तर आधीच आहे 😄 जावाची कॅफेरेसर भारी दिसते.

अण्णा_होटगी

आद्या, बाळा, तुझं वय काय?

शेंगाचटणी

अण्णा चिडलालेत. मी पार्कातनं भेळ घेऊन येतो, तोपर्यंत कुणी काही लिहू नका.

अण्णा_होटगी

चिडलो नाही. चाळीस वर्षं जावा-येझदी उघडतो आहे, म्हणून सांगतो. कापायचीच हौस असेल तर रस्त्यावर हजारो गाड्या आहेत. हिचं मडगार्ड एकदा कापलं की पुन्हा तसं मिळत नाही, मिळालं तर पत्रा पातळ मिळतो. नवीन कंपनीने २०१८ ला जावा नाव परत आणल्यापासून जुन्याची किंमतही वाढलीय, कापलेलीची नाही.

ताई, आता कामाचं. दांडी हलत नाही म्हणालात. तिच्यावर उभं राहून जोर लावू नका, घरातल्या कुठल्याही भाच्याला लावू देऊ नका. किकचे दात तुटले तर आख्खं इंजिन उघडावं लागतं.

आधी गाडी न्यूट्रलला आहे का बघा. प्लग काढा. प्लगच्या भोकातून लांब पेन्सिल किंवा जाड तार सोडून पिस्टन किती खाली आहे ते पाहा. हे बघायचं कारण असं: टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीला पोर्ट, म्हणजे खिडक्या असतात. पिस्टन खाली असेल तर ते उघडे असतात, तुम्ही वरून कितीही तेल ओता, ते निम्मं सायलेन्सरात आणि निम्मं क्रँककेसमध्ये जाणार. पिस्टन वर असेल तर तेल डोक्यावर साचून राहतं आणि रिंगांच्या बाजूने हळूहळू झिरपतं. मी निम्मं डिझेल आणि निम्मं एटीएफ, म्हणजे पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल, टाकतो. टाकायचं आणि विसरायचं. चार-आठ दिवसांनी गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे, अगदी थोडं. सुटला तर सुटला. नाही सुटला तर हेड काढायचं, वरून लाकूड ठेवूनसुद्धा हातोडा मारायचा नाही.

कोकणी_गंज

आमच्याकडे रत्नागिरीत हे आठ दिवसांत होत नाही हो. खारी हवा. माझ्या येझदीचा पिस्टन शेवटी बोअरसकट बाहेर काढून प्रेसवर सोडवला. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, तुमची टाकी आतून बघा, बहुतेक वाचेल.

अण्णा_होटगी

पत्रा टिकतो, रबर नाही टिकत. आमचा उन्हाळा सगळी सीलं वाळवतो. ते पुढे सांगतो.

निवृत्त_फिटर

डिझेल-एटीएफ वगैरे ठीक आहे. आम्ही गिरणीत अडकलेल्या बेअरिंगला गरम-थंड करायचो. सिलिंडरला बाहेरून हेअर ड्रायरने ऊब दिली तर तेल लवकर शिरतं. गॅसची ज्योत मात्र नको, फिन तडकतात. आणि पेट्रोल-तेल आत असताना ज्योत जवळ आणणाऱ्याला फिटर म्हणत नाहीत.

खरादी_तेरा

बोअर गेला असला तरी घाबरू नका. रिबोअर करून, म्हणजे भोक थोडं मोठं कापून, ओव्हरसाइज पिस्टन बसतो. आपल्याकडे पॉवरलूमचे पार्ट करणारे खरादी आहेत, बुश-शाफ्टमध्ये त्यांचा हात कुणी धरू नये. फक्त सांगायचं असतं की पिस्टन आधी हातात दे, मग त्याच्या मापाने बोअर कर. उलटं करणारे भेटतात: बोअर आधी, पिस्टन नंतर शोधायचा. मग पिस्टन चिकटतो आणि दोष कंपनीला.

मूग_गिळून

अवांतर: गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मौत का कुआँमध्ये जी गाडी भिंतीवर चढायची ती जावाच होती ना?

शेंगाचटणी

येझदी होती. मी लहानपणी पायरीवर बसून वास घेतलाय तिचा.

कॅफेरेसर_आद्या

मी बघितली तेव्हा यामाहा आरएक्स १०० होती.

मुक्काम_विजापूर

वर्षावर अवलंबून आहे. आरएक्स १९८५ ला आली, त्याआधीच्या यात्रेत ती असणार कुठून?

शेंगाचटणी

आद्याने हे वाचून स्वतःचं वय सांगितलंय असं समजायचं का अण्णा?

फॉर्म_एकतीस

विहिरीतून बाहेर या, कागदांकडे वळू. ताई, गाडीला पाना लावायच्या आधी हे बघा, कारण गाडी कितीही चकचकीत केली आणि कागद नसले तर ती दिवाणखान्यातली शोभा.

आरसी पुस्तक आहे का? नाव कुणाचं आहे? मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. गाडी कर्नाटकची असेल तर तिकडच्या ऑफिसची एनओसी, फॉर्म २८. आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६, पण तोही मूळ ऑफिसातच. तिथे सगळं जुन्या रजिस्टरात असणार, वाहन पोर्टलवर दिसणार नाही. त्यांना रजिस्टर काढून आधी 'बॅकलॉग एंट्री', म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवायला सांगावं लागतं. याला चिकाटी लागते, आणि विजापुरात ओळखीचं कुणी असेल तर बरं.

मुक्काम_विजापूर

मी आहे की. सध्याचं केए-२८ ऑफिस. अर्जाची प्रत घेऊन या, आत कुठल्या टेबलाला जायचं ते दाखवतो. जेवायला घरी.

कसब्यातली

सगळ्यांचे आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं.

देवघरामागच्या पत्र्याच्या पेटीत विम्याच्या पावत्यांखाली आरसी पुस्तक मिळालं! वर्ष १९६८, काकांचंच नाव, विजापूरची नोंद. चेसिस नंबर तिरक्या टॉर्चने वाचला आणि तो पुस्तकाशी तंतोतंत जुळला. इंजिन नंबर मात्र अजिबात जुळत नाही. आणि डाव्या कव्हरवरची माती काढली तर त्यावर "येझदी" असं कोरलेलं निघालं. १९६८ च्या गाडीवर येझदी कसं? चोरीची तर नसेल?

काळ्या रंगाचा एक पापुद्रा नखाने निघाला. खाली मरून आहे, आणि बाजूला क्रोम.

डबलसायलेन्सर

आता चित्र स्पष्ट झालं. गाडी १९६८ ची जावा, इंजिन नंतरच्या येझदीचं. नुसतं कव्हर असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं, कव्हरं इकडची तिकडे बसतात. पण नंबरच वेगळा म्हणजे क्रँककेस बदललाय. चोरी म्हणून घाबरू नका, त्या काळात हे सर्रास व्हायचं. क्रँककेस फुटला की मेकॅनिक दुसऱ्या गाडीचं इंजिन उचलून बसवायचा, आरटीओत कुणी जायचं नाही.

मरून आणि क्रोमची टाकी म्हणजे मूळ टाकी असण्याची शक्यता दांडगी. तो काळा रंग आता पेंट रिमूव्हरने हळूच काढा, पॉलिश पेपरने नको.

अण्णा_होटगी

पेटीत अजून बघा, इंजिनाची पावती सापडते का. त्या काळचे लोक पावत्या टाकत नसत.

फॉर्म_एकतीस

इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. पावती असेल तर सोपं, नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांकडून ते इंजिन चोरीच्या नोंदीत नसल्याची खात्री. हे सगळं एनओसीच्या आधी तिकडेच विचारून घ्या, नाहीतर इकडचा साहेब गाडी बघताना नंबर जुळत नाही म्हणून परत पाठवेल.

१९६८ म्हणजे पन्नास वर्षांच्या वरची. २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. नंतर नूतनीकरण ५,०००.

कॅफेरेसर_आद्या

मग तेच करा ना, व्हीए नंबर कसला भारी वाटतो.

अण्णा_होटगी

भारी वाटतो आणि गाडी घरात बसते. त्या नंबरवर रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. ताईला सिद्धेश्वरला दर्शनाला जायचं असेल तर?

डबलसायलेन्सर

शिवाय त्या नियमात गाडी मूळ स्वरूपात हवी, फार फेरफार केलेली नको. दुसरं इंजिन असताना समिती काय म्हणेल ते सांगता येत नाही. पुस्तक हातात आहे, तर साध्या मार्गाने जा.

फॉर्म_एकतीस

साधा मार्ग म्हणजे एनओसी, वारसाच्या नावाने हस्तांतर, मग फॉर्म २५ ने नूतनीकरण. पाच वर्षांसाठी होतं. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, ब्रेक, दिवे, हॉर्न चालू हवेत. जुना कर आणि पर्यावरण कर भरावा लागेल. मला तरी हाच बरा वाटतो. व्हीएसाठी वीस हजार घालण्यापेक्षा त्यात दोन्ही सायलेन्सर येतील.

कोकणी_गंज

मी व्हीएच्या बाजूने आहे. विकायची वेळ आली तर त्या नंबराला गिऱ्हाईक वेगळं असतं.

कसब्यातली

विकायची नाहीये. आत्या मला वाड्याबाहेर काढेल, वाडा पडायच्या आधी.

पिस्टन वरच होता. डिझेल आणि लाल तेल टाकून ठेवलंय. तोवर बाकी काय करू?

निवृत्त_फिटर

टाकी. आत गंज असेल तर मूठभर नट आणि गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून, तोंड बंद करून हलवायचं, रात्रभर ठेवायचं. निघालं की धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, नाहीतर आम्ल आत राहून पुन्हा गंजते. लगेच वाळवून थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल फिरवायचं. नट मोजून टाका आणि मोजून काढा. बाहेरच्या क्रोमवर ते पाणी सांडू देऊ नका.

खरादी_तेरा

कार्ब्युरेटर जिकोव्ह कंपनीचा असेल. जेटमध्ये टाचणी घालायची नाही, भोक मोठं होतं. हवेने साफ करायचं.

अण्णा_होटगी

आता ते रबराचं. हे नीट वाचा, कारण नव्वद टक्के लोक इथेच फसतात. इंजिन सुटलं, ठिणगी आली, फट्-फट् करून चालू झालं की लोक पेढे वाटतात आणि लगेच चक्कर मारायला जातात. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंद हवा, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे ओढलं जातं आणि मग वर ढकललं जातं. क्रँकच्या दोन टोकांना ऑइल सील असतात. डाव्या अंगाचं सील गेलं तर इंजिन प्रायमरी चेनच्या (इंजिनातून क्लचकडे जाणाऱ्या, मागच्या चाकाच्या नव्हे) डब्यातलं तेल पितं: पांढरा धूर थांबत नाही आणि आतलं तेल कमी होत जातं. उजव्या अंगाचं, डायनामोच्या बाजूचं गेलं तर ते बाहेरची हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन वर-वर पळतं, तापतं आणि पिस्टन चिकटतो. लोक कार्ब्युरेटर फिरवत बसतात. इतकी वर्षं बंद गाडीची सीलं शिल्लक नसतात. क्रँककेस उघडून ती बदलाच, सोबत बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडही तपासून घ्या. खर्चाचा मोठा आकडा इथे आहे, रंगात नाही.

कॅफेरेसर_आद्या

अण्णा, हे मला माहीत नव्हतं. माझी आरएक्स अशीच पळते थ्रॉटल सोडल्यावर. मी तीनदा कार्ब उघडला.

अण्णा_होटगी

मॅग्नेटोच्या बाजूचं सील बघ. आजच बघ, पिस्टन वाचेल.

शेंगाचटणी

गुरु-शिष्य भेट झाली. भेळ संपली.

डबलसायलेन्सर

वायरिंग पूर्ण नवीन करा, जुन्या वायरीला उंदरांनी काही ठेवलं नसेल. इथे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ही बॅटरी-कॉइलवाली गाडी आहे. सहा व्होल्टची बॅटरी मेलेली असेल तर किक मारून पाय दुखेल, ठिणगी यायची नाही. ठिणगीचे पॉइंट उजव्या कव्हराखाली डायनामोबरोबर आहेत. पॉलिश पेपरने हलका हात द्या, गॅप ०.४ मिमी, कंडेन्सर नवा. चावी हरवली असेल तर काळजी नको, कुठल्याही जावाची चावी कुठल्याही जावाला लागायची.

मूग_गिळून

म्हणूनच आमची गेली 😭

निवृत्त_फिटर

सहाचं बारा व्होल्ट करून घ्या. सहा व्होल्टचा दिवा लागला आहे की नाही ते बघायला दुसरा दिवा लागतो.

डबलसायलेन्सर

याला माझा विरोध. डायनामो नीट बांधून घेतला आणि अर्थिंग साफ असलं तर सहा व्होल्ट दिवसा फिरायला पुरतं.

निवृत्त_फिटर

मोहोळहून रात्री उसाच्या ट्रॉल्यांमधून या एकदा सहा व्होल्टवर. मग विरोध करा.

कसब्यातली

पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं? मोठे काका म्हणतात "अंदाजे".

अण्णा_होटगी

लिटरला ४० मिली. अंदाजे नाही, मापाने. नव्या बोअरवर पहिले काही दिवस ५०.

खरादी_तेरा

आताची टू-टी तेलं चांगली आहेत, ३० पुरतं. ४० ने प्लग काळा होतो आणि सायलेन्सर ठिबकतात.

अण्णा_होटगी

सायलेन्सर ठिबकला तर फडक्याने पुसता येतो. पिस्टन पुसून काय करणार?

कोकणी_गंज

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. जुनी रबरी नळी आणि कॉर्कची वॉशर फुगतात, चिघळतात. इथेनॉलला चालणारी नळी घ्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा, कारण ते पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं.

शेंगाचटणी

त्यात आमची चूक नाय. जिल्ह्यात इतके साखर कारखाने, ऊस कुठंतरी जायलाच पायजे. आता जावा पण ऊस पिलालीय.

कसब्यातली

पिस्टन सुटला! टॉप गिअरला टाकून चाक हलवलं तर आधी काहीच नाही, मग कुरकुरत बोटभर, मग पूर्ण फिरला. डाव्या सायलेन्सरातून उंदराचं घरटं निघालं, त्यात काकांच्या लॉटरीच्या तिकिटाचे तुकडे.

इंजिन उघडायला अण्णांकडे देणार आहे (निरोपात बोलणं झालंय). भंगारवाल्याने आज बारा हजार सांगितले. आता दोन गोष्टींवर मत हवंय: येझदीचं इंजिन ठेवू की १९६८ च्या जावाचं शोधू? आणि रंग नवीन द्यायचा का?

डबलसायलेन्सर

जावाचं इंजिन शोधा. पुण्यात नाना पेठेत, बेंगळुरूला जे. सी. रोडला विचारलं तर मिळतं. गाडी पूर्ण होईल.

अण्णा_होटगी

पूर्ण कशाला? शोधलेल्या इंजिनाचा नंबर तरी पुस्तकाशी जुळणार आहे का? तो तिसरा नंबर झाला, आणि त्या इंजिनाचा मालक कोण ते पुन्हा शोधा. काकांनी हेच इंजिन बसवून गाडी चालवली, तेच ठेवा.

फॉर्म_एकतीस

कागदांच्या बाजूनेही अण्णांना अनुमोदन. एक नोंद करायची, विषय संपला.

डबलसायलेन्सर

हरकत नाही, दोनाला एक. पण सायलेन्सर पुढून बारीक, मागून मासोळीसारखे जुन्या घडणीचेच घ्या. बाजारात रोडकिंगचे माथी मारतात.

कोकणी_गंज

रंग देऊ नका. काळा काढा, खाली जे मरून आणि क्रोम मिळेल ते तसंच ठेवून वॅक्स करा. नवा रंग कधीही देता येतो, जुना परत येत नाही.

निवृत्त_फिटर

गंजलेला पत्रा तसाच ठेवणं म्हणजे आळसाला दिलेलं चांगलं नाव. मडगार्डच्या आतून गंज काढून प्रायमर तरी मारा.

खरादी_तेरा

आतून प्रायमर, बाहेरून जुना रंग. दोघांचं समाधान. टाकीवरच्या बारीक रेघा पुसल्या असतील तर त्या स्टिकरने करू नका. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारे एक-दोन पेंटर अजून आहेत, त्यांना शोधा. हात थरथरत नाही तोपर्यंत करून घ्या.

कसब्यातली

ठरलं. इंजिन हेच. रंग जेवढा मिळेल तेवढा जुना, मडगार्ड आतून प्रायमर. व्होल्टचं भांडण अण्णांवर सोडलं. पुढच्या आठवड्यात विजापूरला अर्ज घेऊन जातेय, जेवणात काय आहे?

मुक्काम_विजापूर

ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी. अर्जाच्या तीन प्रती आणा.

अण्णा_होटगी

मला एक अडचण आहे. डायनामोच्या रोटरचा पुलर, म्हणजे तो ओढून काढायचं अवजार, माझ्याकडून कुणीतरी नेलाय आणि परत दिलेला नाही. तो कुणाकडे आहे ते मला माहीत आहे. त्यानेही हा धागा वाचावा.

मूग_गिळून

उद्या सकाळी आणून देतो अण्णा.

जुळे_सोलापूर

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या सासऱ्यांकडे राजदूत आहे, दुधाच्या कॅनचे हुकही तसेच आहेत. कागद नाहीत. इथेच विचारू का?

फॉर्म_एकतीस

वेगळा धागा काढा. आणि नंबर झाकून फोटो टाका.